'फोनॉन'ला 'ध्वनिकण' म्हणावे का?

'नॅनोरचनांमधील फोनॉन लहरींचे नियंत्रण' या मथळ्याविषयी दोन शंका आल्या आहेत. 'फोनॉन'ऐवजी 'ध्वनिकण' लिहावे का? आणि फोनॉन जर कण, तर 'फोनॉन लहरी' कशा?

माझ्या मते 'फोनॉन' तसाच ठेवावा. ग्रीक 'फोने' म्हणजे आवाज, तेव्हा 'ध्वनिकण' व्युत्पत्तीला धरून आहे, पण अर्थाला तोकडा पडतो. स्फटिकातले अणू एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे एकाची थरथर लहर होऊन पुढे सरकते. त्या लहरीच्या ऊर्जेचा लहानात लहान हप्ता म्हणजे फोनॉन. कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झच्या आसपास संपते. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनमध्ये उष्णता वाहणारे बहुतेक फोनॉन टेराहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनांच्या, घरातले. 'ध्वनिकण' वाचून उष्णता कुणाच्या मनातही येणार नाही. 'स्वनिम' तर नकोच, तो भाषाविज्ञानात 'फोनीम'साठी रुळला आहे.

'फोनॉन लहरी' हा प्रयोग मात्र योग्य आहे, किंबहुना इथे तो हवाच. सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याला दर 500 नॅनोमीटरवर एक अशी भोके पाडली, तर ओळीओळीवरून परतणाऱ्या लहरी एका ठरावीक वारंवारतेला एकमेकींशी जुळतात. ती काढायला लहरीच्या वेगाला भोकांमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचे: सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेग धरला तर 8 गिगाहर्ट्झ. त्या आसपासच्या लहरींना पुढे वाट मिळत नाही. यालाच 'निषिद्ध पट्टा' म्हणावे. हे घडते ते व्यतिकरणामुळे (लहरी एकमेकींत मिसळून जोर धरतात किंवा मावळतात त्यामुळे), म्हणजे लहर म्हणूनच.

उष्णतेचे फोनॉन असे सहज आवरत नाहीत. त्यांची तरंगलांबी जेमतेम काही नॅनोमीटर, म्हणून रचनाही तितकीच बारीक लागते. भोकाची कड एका नॅनोमीटरने खडबडीत असली तरी लहरींची कला (त्यांच्या चढउतारांचा ताळमेळ) बिघडते, जुळणी मोडते आणि फोनॉन नुसते विखुरतात. उष्णतावहन तेव्हाही घटते. सुमारे 50 नॅनोमीटर जाडीच्या खडबडीत सिलिकॉन तारांमध्ये ते जवळपास शंभरपटीने घटल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पण अशा विखुरण्याला 'प्रकीर्णन' म्हणावे, 'लहरींचे नियंत्रण' नव्हे. मराठी बातम्यांत नेमकी हीच गल्लत होते.

'फोनॉन' हा शब्द मराठीत चालवायचा कसा? 'इलेक्ट्रॉन'सारखा: तो फोनॉन, ते फोनॉन, फोनॉनचा, फोनॉनमुळे. 'फोनॉन्स' नको. आणि मुद्रितशोधन करताना 'फोटॉन' झाला नाही ना, हे आवर्जून पाहावे.