दम लागतो म्हणून बाबांना बसवून ठेवू नका

ताई, ठाणे स्टेशनचा पूल चढताना धाप लागली तेव्हापासून बाबांनी बाहेर पडणंच सोडलंय, श्वासाचा पंप (इनहेलर) चालू असून असं का, हे तुम्ही विचारलंय. मलाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, कोपरखैरण्याला राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बसून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांची ताकद जाते. मग ते स्नायू तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतात, दम आणखी लवकर लागतो आणि माणूस आणखी बसतो. हे नुसत्या पंपाने सुटत नाही, चालावंच लागतं. छातीच्या डॉक्टरांना विचारून सपाट जागेवर सुरुवात करा. ठाण्यातल्या तलावाकाठची तलावपाळी चांगली, मध्ये टेकायला मिळतं. फक्त थंडीत पहाटे नको, धुरकं खाली बसलेलं असतं. ऊन वर आल्यावर जा.

आता पूल. या आजारात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं अवघड होतं. घाईघाईने श्वास घेतला की जुनी हवा आतच अडकते, नवीला जागा राहत नाही. म्हणून नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावत सोडायचा. घेताना उभं राहायचं, सोडताना एक-दोन पायऱ्या चढायच्या. कठडा धरून थांबायला लाजायचं काहीच कारण नाही, मागचे लोक बाजूने जातात. फारच दम लागला तर बसून पुढे वाकायचं, हात गुडघ्यांवर. हे आधी घरी जमवा, गर्दीत पहिल्यांदा नको.

पंप कसा घेतात ते एकदा डॉक्टरांना दाखवा. फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा, शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, कॅप्सूलमधली पूड ओढायचा पंप मात्र जोरात. अनेकांचं नेमकं उलटं होतं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं. घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद, ही गोष्ट अख्ख्या घराने पाळावी.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, धाप नेहमीपेक्षा जास्त वाटली, तर वाट बघत बसू नका. अशा वेळी काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. ओठ निळसर दिसले, गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा.

सुरुवातीला तुम्ही सोबत चाला, पण वेग बाबांचाच राहू द्या.