पाणी कोमट झालं तर खेकड्यांना बरं नाही का?

प्रश्न : नातीला कामाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा दाखवायला नेलं होतं. ती विचारू लागली, "आजोबा, बर्फाच्या समुद्राच्या तळाशी कोण राहतं? पाणी जरा कोमट झालं तर त्यांना बरंच वाटेल ना?" मला उत्तर देता आलं नाही.
– एक आजोबा, रावपुरा, बडोदे

उत्तर : आजोबा, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या देवमाशाखाली मीही लहानपणी मान वर करून उभी राहिले आहे. तो निळा देवमासा. त्याचा भाऊबंद करडा देवमासा मात्र उन्हाळ्यात थेट रशिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंग समुद्राच्या तळाशी जेवतो. कुशीवर वळून चिखल तोंडात ओढतो, पाणी तोंडातल्या चाळणीसारख्या झालरीतून बाहेर सोडतो आणि कोळंबीसारखे दिसणारे, बोटाच्या पेराएवढे जीव गिळतो. वॉलरस तिथेच शिंपले शोधतात.

आता तळाला एवढं अन्न आलं कुठून? तिथे ऊन पोचत नाही, काही उगवत नाही. वरून पडेल त्यावरच सगळ्यांचा संसार. थंडीत बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळ धरतं. वसंतात बर्फ सुटला की ते सुटून खाली बसतं. पाणी इतकं गार असतं की वरचे बारीक जीव अजून फारसे वाढलेले नसतात, म्हणून बरंचसं न खाल्लेलंच तळाला मिळतं. बर्फ लवकर गेला, तर शेवाळ उशिरा, कोमट पाण्यात फुलतं आणि वरच्या वरच फस्त होतं. वाढपी मधल्या पंगतीतच थांबला, असं नातीला सांगा.

त्यात भर म्हणून भूक वाढते. खेकड्याला स्वतःची ऊब नसते. पाणी तापलं की त्याचं अंगही तापतं आणि खाणं जास्त लागतं. २०१८-१९ मध्ये बेरिंग समुद्रावर बर्फ फारच कमी धरला. तळाशी दोन अंशांखालचं गार पाणी साठून राहतं, तेही आकसलं. त्यात वाढणाऱ्या हिमखेकड्यांची उरलेल्या गार जागेत दाटी झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत एक हजार कोटींहून जास्त खेकडे नाहीसे झाले. संशोधकांच्या मते बहुतेक उपासमारीने. २०२२ साली अलास्काने ही खेकडेमारी प्रथमच बंद ठेवली. हा आकडा वाचला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सगळ्यांचंच नुकसान होतं असंही नाही. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवर, काँग्सफ्योर्डकाठी भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खोल, चिंचोळी खाडी. त्याच फ्योर्डात पाणबुडे १९८० पासून उथळ, ऊन पोचणाऱ्या तळाच्या त्याच त्या खडकांचे फोटो काढत आले. पाणी हळूहळू तापत होतं, पण १९९५ मध्ये समुद्रशेवाळ एकदम पाचपट पसरलं आणि समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे फुलांसारखे प्राणी, कमी झाली. बदल हळूहळू नव्हे, झटक्यात झाला.

फोटो नव्हते तेव्हाचं हवामान शिंपल्यांत लिहिलेलं आहे. आइसलँडजवळ २००६ मध्ये काढलेला एक शिंपला ५०७ वर्षांचा निघाला. कवच कापून, घासून त्यातल्या वर्षाला एक अशा रेषा मोजल्या. माझ्या मेजावर माहेरून, रत्नागिरीहून आणलेली तिसऱ्यांची एक शिंप आहे. नात आली तर तिच्या पाठीवरून नख फिरवायला देईन. बारीक कंगोरे लागतील. मग सांगेन, आइसलँडच्या त्या शिंपल्याची पहिली रेषा पडली, तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला सव्वाशेहून जास्त वर्षं होती.