आप्पांच्या सायकली आता कोण सांभाळणार?

प्रश्न: आमचे आप्पा ७८ वर्षांचे, गुहागरच्या घरी पडवीत रॅले, हंबर, बीएसए अशा जुन्या सायकली आहेत, आम्ही सगळे मुंबईला, पुढे काय करायचं?

उत्तर: भंगारात मात्र देऊ नका हो, प्लीज! गणपतीला जाल तेव्हा आप्पांजवळ बसून कुठली सायकल कशी मिळाली ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा, ते फक्त त्यांनाच माहितीये. रॅलेच्या मागच्या चाकाच्या मधोमध स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (ज्याच्या आत गिअर असतात तो चाकाचा गाभा) असेल तर त्यावर बहुतेकदा तो बनवल्याचं सालच कोरलेलं सापडतं. खारी हवा लोखंड खाते, तेलाचा हात फिरवत राहा. रॅलेच्या पार्टचे आटे वेगळ्या मापाचे, दुसरा पार्ट सहज बसत नाही, म्हणून जुना पार्ट फेकायचा नाही, २८ इंची टायर मात्र आजही मिळतात. पुण्यात विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे, आप्पांना घेऊन जाच. आणि एक सायकल शेजारच्या एखाद्या पोराला आत्ताच द्या, आप्पा हौसेने शिकवतील त्याला.