अर्धा कवट्या महाकाळ कुठे गेला?

वाचकांचे प्रश्न : जुने चित्रपट, घरचा पडदा

या वेळच्या पत्रांत एकच सूर आहे. लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेला जादूचा, भुताखेतांचा चित्रपट आज घरी लावला की हिरमोड होतो. आमचं म्हणणं असं की चित्रपटाला नावं ठेवण्याआधी डिस्कने, कॅसेटने आणि टीव्हीने त्याचं काय केलं आहे ते तपासा.

प्रश्न (सातारा) : ‘धडाकेबाज’ थेटरात पाहिला होता. मुलांना दाखवायला जुनी दोन डिस्कची व्हीसीडी ४३ इंची टीव्हीवर लावली. कवट्या महाकाळ कडेला अर्धा कापलेला, सगळ्यांचे चेहरे फुगलेले, चित्रात नुसते चौकोन. चित्रपटच असा होता का?

नाही. महेश कोठारे यांचा १९९० चा हा चित्रपट मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद असतं आणि जुन्या टीव्हीचं १.३३ पट. पूर्ण उंची भरायची म्हटली, तर दर १०० सेंटिमीटर रुंदीतले जेमतेम ५७ सेंटिमीटर टीव्हीवर मावतात. उरलेले ४३ व्हिडिओ करतानाच कापले जातात. कोणती बाजू ठेवायची ते तिथला माणूस शॉटगणिक ठरवतो. एका कडेला लक्ष्या आणि दुसऱ्या कडेला बाटलीतला गंगाराम असा शॉट असेल, तर दोघांतला एक जातोच. विनोद प्रतिक्रियेवर उभा असतो. प्रतिक्रिया देणाराच चौकटीबाहेर गेला, तर लक्ष्मीकांत बेर्डे यांचं अचूक टायमिंगसुद्धा लंगडं वाटतं.

चेहरे फुगतात ते तुमच्या टीव्हीमुळे. आजचा टीव्ही ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणतो, म्हणजे प्रत्येक माणूस ३३ टक्के जाड होतो. रिमोटवर ‘पिक्चर साइज’ किंवा ‘अॅस्पेक्ट’ मध्ये जाऊन ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. खात्री करायची असेल तर समोरून दिसणारं गाडीचं चाक किंवा गोल ताट जिथे असेल तिथे चित्र थांबवा आणि पट्टीने आडवं-उभं मोजा. दोन्ही मापं सारखी आली की आकार बरोबर.

सिनेमास्कोपच्या डिस्क तीन तऱ्हांच्या निघतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. कडा कापलेली असेल तर उपाय नाही, गेलेलं चित्र डिस्कवर नाहीच. वर-खाली काळे पट्टे असतील तर डिस्क चांगली आहे, जपून ठेवा. अशी डिस्क मोठ्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळ्या चौकटीत दिसते. टीव्हीचा ‘झूम’ वापरा, म्हणजे चित्र पूर्ण रुंदी भरेल. झूममध्ये चित्राच्या २८८ आडव्या रेषांपैकी वर-खाली ३६-३६ कापल्या जातात, पण खरं चित्र मधल्या १६३ रेषांतच असल्यामुळे नुकसान काहीच होत नाही. तिसऱ्या तऱ्हेत पट्टे नसतात, पण माणसं काडीसारखी उंच आणि बारीक दिसतात. तिथे चित्र कापलेलं नाही, नुसतं आवळलेलं आहे. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ‘ए’ बटण २.३५:१ येईपर्यंत दाबत जा. बऱ्याच डिस्कवर फक्त नामावली अशी आवळलेली असते, कारण नावं कापून चालत नाही, आणि ती संपताच चित्र कापलेलं सुरू होतं. त्यामुळे पहिल्या मिनिटावरून डिस्क पारखू नका.

आता चौकोन. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं आणि दर सेकंदाला त्याला ११५० किलोबिट मिळतात. मारामारी, धूर, उडणारी वाळू यांत ते पुरत नाहीत, म्हणून चित्र चौकोनांत फुटतं. मग हेच चित्र पूर्वी बरं का वाटायचं? २१ इंची जुन्या टीव्हीवर चित्राची उंची साधारण ३० सेंटिमीटर असायची. त्यातल्या २८८ रेषा सुमारे १२ फुटांवरून डोळ्याला सुट्या दिसत नाहीत, आणि घराघरांत साधारण तेवढ्याच अंतरावर बसून टीव्ही बघितला जायचा. ४३ इंची टीव्हीची उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर, म्हणून तिथे २१ फूट लांब बसावं लागेल. दिवाणखाना तेवढा नसेल तर चित्र लहान करा. १४ ते १५ इंची लॅपटॉप सात फुटांवर ठेवला की व्हीसीडी पुन्हा माणसांत येते. टीव्हीवरच बघायची असेल तर ‘शार्पनेस’ शून्याजवळ आणा आणि ‘नॉइज रिडक्शन’ मध्यम ठेवा. शार्पनेस वाढवला की चौकोनांच्या कडाच ठळक होतात.

प्रश्न (नांदेड) : दुसरी डिस्क अर्ध्यावर अडकते. संगणकावर कॉपी करायला गेलं की एरर येते. डिस्क गेली का?

आधी डिस्क पालथी-उताणी करून उजेडात बघा. चकाकी असते ती छापील बाजूच्या अगदी खाली, वरून फक्त लाखेचा पातळ थर. छापील बाजूला खरवडल्यामुळे उजेड आरपार दिसत असेल तर तेवढा भाग कायमचा गेला. खालच्या बाजूला मात्र १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं, तिथले ओरखडे बहुधा निभावतात.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका, बोटाने हलकं चोळा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि चष्मा पुसायच्या मऊ कापडाने मधून बाहेर असं सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. माहिती गोलाकार रांगेत असते, आणि रांगेच्या दिशेने पडलेला ओरखडा आडव्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान करतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

एरर येण्याचं कारण व्हीसीडीच्या रचनेतच आहे. साध्या डेटा सीडीत चुका दुरुस्त करायला राखलेली जागा व्हीसीडीत चित्रासाठी वापरलेली असते. त्यामुळे प्लेअर खरचटलेल्या जागी थोडा अडखळून पुढे जातो, पण संगणक पूर्ण फाइल मागतो आणि तिथेच थांबतो. डिस्कवरच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल, म्हणजे खुद्द चित्रपट, ओढून कॉपी करण्याऐवजी आयसोबस्टरसारख्या प्रोग्रॅमने काढा आणि न वाचता आलेले भाग रिकामे भरायला सांगा. मग व्हीसीडीगिअर या प्रोग्रॅमने ‘डॅट’ची ‘एमपेग’ करा. ड्राइव्हचा वेग ४ किंवा ८ पट एवढाच ठेवा. जमलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा निमूट वाचतो, हे नेहमीचं आहे. यूएसबीवरचा ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल तर दोष बहुधा विजेचा असतो. तो हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावा.

प्रश्न (चिपळूण) : दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट सापडली, पण खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसते. लावून बघू का?

मुळीच लावू नका. बुरशी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते आणि ओली असेल तर टेप चिकटून फाटते. कोकणच्या दमट हवेत ही कायमची व्याधी आहे.

कॅसेट पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, १०० ग्रॅम कोरड्या सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. उन्हात टाकू नका, उष्णतेने टेप वाकते. वाळलेली बुरशी भुकटीसारखी होते आणि मग निघते. पुढचं काम घराबाहेर आणि एन-९५ मास्क लावून करा. कॅसेटच्या तळाचे पाच स्क्रू काढा, झाकण सरळ वर उचला आणि आतला लहान स्प्रिंग आणि पुलीच्या जागांचा फोटो काढून ठेवा. रिळांच्या कडा कोरड्या मऊ कापडाने पुसा. मग दोन्ही रिळं एखाद्या निकामी, पण स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवा. हाताने रीळ फिरवत, टेप दुमडलेल्या कोरड्या कापडातून अलगद ओढत एकदा पूर्ण गुंडाळा. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते, तेव्हा एक दुपार मोकळी ठेवा. घाईत टेपला घडी पडली तर तेवढी जागा गेली.

नंतर प्लेअरचे हेड पुसायचे. त्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि गुळगुळीत चामड्याची पट्टी लागते. कापसाची काडी नको, तिचे धागे हेडच्या फटीत अडकतात. हेड ज्यावर बसवलेले असतात त्या फिरत्या ड्रमवर पट्टी स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. पट्टी वर-खाली कधीही हलवू नका, हेड तुटतो. दहा मिनिटं वाळू द्या.

कॅसेट चालली की पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. उतरवून घेणाऱ्या (कॅप्चर) प्रोग्रॅममध्ये पाल ही आपल्याकडची टीव्ही पद्धत, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम असं ठेवा. एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत राहिली तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा सरकतं. चित्राचा माथा झेंड्यासारखा वाकत असेल, तर प्लेअर आणि संगणकाच्या कॅप्चर उपकरणाच्या मध्ये चालू स्थितीतला जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. अनेक रेकॉर्डर आलेला सिग्नल सरळ करून पुढे देतात. मूळ प्रत डीव्ही या फारसं न दाबलेल्या व्हिडिओ स्वरूपात ठेवलीत तर तासाला सुमारे १३ जीबी लागतील. ती पुसू नका, लहान फाइल तिच्यावरून केव्हाही करता येते.

प्रश्न (ठाणे) : अशा चित्रपटांतल्या ट्रिक आता उघड्या पडतात. माणसाभोवती निळी रेघ दिसते, मागचं चित्र वेगळ्याच रंगाचं. तेव्हा दिसत नव्हतं की आपण लहान होतो?

दोन्ही. संगणक येण्याआधी दोन चित्रं एकत्र करायची म्हणजे फिल्मवरून पुन्हा फिल्म काढायची. माणूस निळ्या पडद्यासमोर चित्रित करायचा, त्याच्या आकाराचा काळा मुखवटा फिल्मवर बनवायचा आणि ऑप्टिकल प्रिंटरवर मागचं दृश्य आणि माणूस पाळीपाळीने छापायचा. मुखवटा केसभर सरकला की कडेला निळी किंवा काळी रेघ उमटते. शिवाय प्रत्येक छपाईत दाणा, म्हणजे फिल्मवरची खरखर, वाढतो आणि रंग बदलतो. म्हणून जादूचा शॉट सुरू होण्याआधीच चित्र एकदम खरखरीत होतं आणि ‘आता काहीतरी होणार’ हे चाणाक्ष प्रेक्षकाला कळतं. ट्रिकदृश्यांचे कारागीर रे हॅरीहाउसन यांच्या १९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ मध्येही हेच दिसतं. मागच्या पडद्यावर टाकलेलं दृश्य राक्षसाच्या बाहुलीसोबत पुन्हा चित्रित केल्यामुळे राक्षसांच्या शॉटमध्ये दाणा जाड आहे, आणि ब्लू-रेवर तो लपत नाही.

व्हीसीडीवर उलटं घडतं. तिच्यात रंगाची माहिती फक्त १७६ गुणिले १४४ ठिपक्यांची असते, म्हणून निळी रेघ पसरून पुसट होते. स्वच्छ प्रतीत ट्रिक उघडी पडते आणि खराब प्रतीत झाकली जाते. आमचं मत विचाराल तर स्वच्छ प्रतच बघा. ती रेघ हाताने केलेल्या कामाची खूण आहे. मुलांना शॉट थांबवून रेघ दाखवा आणि ती कशामुळे आली ते सांगा. ती चित्रपटाकडे जास्त लक्ष देऊन बघतात.

प्रश्न (पुणे) : कॅसेटवर चित्रपट सहा मिनिटं कमी भरतो आणि आवाज किंचित चिरका वाटतो. कापला आहे का?

बहुधा नाही. थेटरात दर सेकंदाला २४ चित्रं, पाल व्हिडिओवर २५. चित्रपट ४ टक्के जोरात पळतो, म्हणून १४० मिनिटांचा चित्रपट १३४ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर जातो. व्हीएलसीत वेग ०.९६ करा. फक्त ‘टाइम स्ट्रेचिंग ऑडिओ’ बंद ठेवा, नाहीतर लांबी सुधारते आणि आवाज तसाच चिरका राहतो. दहा-पंधरा मिनिटांची तूट असेल तर मात्र कात्री लागली आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘छोटा चेतन’ चा थेटरातला चष्मा जपून ठेवला आहे. टीव्हीवर चालेल का?

नाही चालणार. जिजो पुन्नूस दिग्दर्शित १९८४ चा ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट, आणि ‘छोटा चेतन’ ही त्याचीच हिंदी आवृत्ती. थेटरात दोन डोळ्यांची दोन चित्रं वेगवेगळ्या दिशेच्या ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात पडायची. पडदाही चंदेरी लागायचा, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण मोडतं. साध्या डिस्कवर फक्त एका डोळ्याचं चित्र असतं, तेव्हा दुसरं कुठून येणार? चष्मा एलसीडी टीव्हीसमोर धरून फिरवला की काच काळी होते, त्यावरून तो चालतो असा समज होतो. टीव्हीचा प्रकाश मुळात ध्रुवीकृत असतो, म्हणून तसं दिसतं.

थ्रीडीच बघायचं असेल तर प्रत लाल-निळ्या पद्धतीची हवी, लाल काच डाव्या डोळ्यावर. ती कोणत्याही टीव्हीवर चालते, पण रंग मरतात आणि अर्ध्या तासाने डोळे शिणतात. २०१३ च्या ‘झपाटलेला २’ सारख्या अलीकडच्या थ्रीडी चित्रपटाची खरी थ्रीडी प्रत मिळाली, तरी तिला थ्रीडी टीव्ही लागतो, आणि मोठ्या कंपन्यांनी ते २०१७ च्या सुमारास बंद केले. आज सोपा मार्ग म्हणजे ‘डीएलपी-लिंक’ची, म्हणजे पडद्यावरच्या प्रकाशातूनच चष्म्याला इशारा देण्याची, सोय असलेला प्रोजेक्टर आणि त्याचे बॅटरीवर चालणारे चष्मे. साधी प्रतच बघत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की एखादी वस्तू गोष्ट थांबवून उगाच कॅमेऱ्याकडे येते, ती थेटरात तुमच्या नाकासमोर येण्यासाठी होती.