कोरोनात लोक आजार का लपवत होते? अडाणीपणा होता का?

मला नाही वाटत अडाणीपणा होता. तुम्ही विचारलंय की ताप-खोकला असूनही लोक टेस्टला का जात नव्हते, तर माझ्या बघण्यातले लपवणारे चांगले शिकलेले होते, एक बँकेतले साहेब होते, एक तर मास्तर.

मी मे २०२० ला मुंबईहून गावी गेलो, सिंधुदुर्गात, आई एकटी होती म्हणून. शाळेत १४ दिवस क्वारंटाईन, बाकं जोडून झोपायचं. त्याबद्दल तक्रार नाही, नियम होता. पण ज्याच्याबरोबर त्याच शाळेत शिकलो तो वाटेवरून मान फिरवून गेला, आणि आईला दोन दिवस विहिरीवर येऊ नको म्हणाले, ती तर मला भेटलीसुद्धा नव्हती! तिसऱ्या रात्री मला खोकल्याची उबळ आली तेव्हा मी टॉवेल तोंडात धरून खोकलो. धुळीचा खोकला होता पण कोणाला ऐकू जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. तेव्हा कळलं मला की माणूस का लपवतो. गाववाल्यांचंही कळतं बरं का, मोठं हॉस्पिटल दीड तासावर, गावात म्हातारी माणसंच जास्त, ते घाबरणारच ना.

आजाराची भीती असतेच पण आजार कळल्यावर आपलं काय करतील ही भीती त्याहून मोठी असते. पुण्यात १८९७ च्या प्लेगला हेच झालं. प्लेगचा बंदोबस्त बघणारा इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या हाताखालचे सोल्जर घरात घुसायचे, बायकांची तपासणी, सामान बाहेर काढून जाळायचं, माणूस उचलून छावणीत, मग लोक पेशंटच काय, प्रेतंसुद्धा लपवायला लागले. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ते आपण इतिहासात शिकतो, लपवालपवीचं कोणी शिकवत नाही. आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली, १० मार्चला गेल्या. साथ तीच, पण दारात कोण येतंय याने किती फरक पडतो बघा. (२०२० ला जो साथरोग कायदा लावला तो पण १८९७ चाच.)

धारावीत पहिला पेशंट १ एप्रिल २०२० ला सापडला. एवढ्या दाटीत, सार्वजनिक संडास, एका खोलीत आठ-दहा माणसं, सगळ्यांना वाटलं आता संपलं. तिथे महापालिकेने तिथलेच खाजगी डॉक्टर बरोबर घेतले, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं ताप-सर्दीला जातात ते. ओळखीचा डॉक्टर गल्लीत आला की माणूस खरं सांगतो. बाकी कारणं पण असतील, पण जुलैपर्यंत रोजचे पेशंट बोटावर मोजण्याइतके राहिले होते.

ओळखीचा उलटा धोका पण आहे, मास्क लोक परक्यासमोर लावायचे आणि घरच्यांसमोर काढायचे. रिक्षात मास्क, बारशाला नाही, कारण "आपलीच माणसं आहेत". आमच्याकडे पुढच्या वर्षी एका साखरपुड्यात पसरला आणि परत तेच, चार घरांत ताप आणि सगळे म्हणतात पावसात भिजलो. शेवटी आमच्या वाडीच्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं बघणाऱ्या आशा सेविका आल्या, अंगणात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, मला पण झाला होता, १७ दिवस काढले, बघा उभी आहे ना तुमच्यासमोर, आणि तुमच्या विहिरीचं मी बघते, कोण अडवतो ते. त्या दिवशी संध्याकाळी तीन घरांतली माणसं टेस्टला गेली, आई पण गेली.