एमडीआर टीबीचा सहा महिन्यांचा नवा कोर्स खरा आहे का?

हो, खरा आहे. (एमडीआर टीबी म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी.) तुम्ही लिहिलंत की हडपसरच्या तुमच्या मामांना डॉक्टरांनी हा कोर्स सांगितलाय; तो बहुधा 'बीपाल्म', म्हणजे चार औषधांचा एकत्र कोर्स: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्याची शिफारस केली, भारताने 2024 मध्ये मान्यता दिली. आधी एमडीआर टीबीचा उपचार 20 महिन्यांपर्यंत चालायचा, त्यामुळे लोक मध्येच कंटाळून सोडायचे.

यातलं बेडाक्विलिन विशेष. ते जंतूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं, म्हणून रिफॅम्पिसिनला (टीबीच्या नेहमीच्या मुख्य औषधाला) दाद न देणारे जंतूही त्याने मरतात. मात्र हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ईसीजी टाळू नका. लिनेझोलिडने पायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, कधी नजरही अंधूक होते. असं काही जाणवलं की डॉक्टरांना लगेच सांगा, पण गोळ्या मनाने बंद करू नका. गरोदर बायका आणि 14 वर्षांखालील मुलांना हा कोर्स देत नाहीत.

खासगीत पैसे घालवण्याआधी पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. सरकारी कार्यक्रमात औषधं फुकट आहेत, शिवाय टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेतून महिना 1000 रुपये खात्यात येतात. (उशिरा येतात, ते वेगळं.)