मांजर सोफा ओरबाडते म्हणून तिची नखं काढून टाकावीत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाची मांजर नव्या सोफ्याचा कोपरा उसवतेय, ओरडून झालं, फटके देऊन झाले, आणि आता घरचे म्हणतायत की नखंच काढून आणा. ते वाचून पोटात गोळा आला, म्हणून आधी तेवढंच सांगते. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते कायमचं काढायचं म्हणजे बोटाचं शेवटचं पेर कापायचं. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा पेरं. मग चालताना दुखतं, माती उकरताना दुखतं म्हणून काही मांजरं शी-शूच्या मातीचा डबाच टाळायला लागतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी घातली. कृपा करून हा विचार सोडा.

ती हे तुमच्यावरच्या रागाने करत नाही. नखांवरचा जुना थर ओरबाडल्यावर सुटून येतो आणि खालून नवं टोकदार नख निघतं. सोफ्याखाली केर काढताना नीट बघा, नखाच्याच आकाराची, आतून पोकळ, चंद्रकोरीसारखी टरफलं सापडतील. शिवाय पंजाच्या गादीत वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे ओरबाडून ती ‘ही जागा माझी’ असं लिहूनच ठेवते. झोपून उठल्यावर पाठ ताणायलाही तिला हेच लागतं. त्यामुळे ही सवय मोडत नाही, तिची फक्त जागा बदलता येते.

आमचं ठाण्यात, वर्तकनगरला दोन खोल्यांचं घर. आमच्या मांजरीसाठी, चिंगीसाठी, मी आधी दुकानातून ओरबाडायचा फूटभर उंचीचा खांब आणला. पंजा टेकला की तो डुगडुगायचा, आणि एकदा अंगावर पडल्यावर तिने त्याच्याकडे परत बघितलं नाही. मग सुताराकडून तीन फुटी लाकडी खांब जाड प्लायवर घट्ट ठोकून घेतला, जांभळी नाक्यावरून सुताचा नव्हे तर काथ्याचा दोर आणला आणि वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळला. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं गेलं पाहिजे आणि खांब तसूभरही हलता कामा नये, बाकी रंगरूप कसंही असो. सगळ्यांची चूक होते ती पुढे: खांब बाल्कनीत ठेवतात. तो सोफ्याच्या त्याच फाटक्या कोपऱ्यासमोर ठेवा. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, पंजाला चिकटलेलं तिला आवडत नाही. खांबाला हात लावला की लगेच सुक्या मासळीचा तुकडा द्या. तिचे पंजे धरून खांबावर घासू मात्र नका, ती बिथरते. महिन्याभराने खांब रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. तुमची मांजर पायपुसण्यावरही ओरबाडत असेल तर तिला आडवं आवडतं, मग काथ्याची जाड चटई जमिनीवर टाका.

पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीकडेला खोकली नावाचं रोपटं उगवतं. त्याच्या मुळाच्या वासाने बरीच मांजरं वेडी होतात. मी मूळ धुऊन दोरावर चोळलं आणि चिंगी अर्धा तास खांबाला मिठी मारून होती. खायला मात्र देत नाही.

आता नखं. दोन-तीन आठवड्यांनी फक्त टोकं कापायची. बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात धरलं की आत गुलाबी शीर दिसते, तिच्या बरंच अलीकडे कापायचं. मी पहिल्यांदा घाईत शिरेपर्यंत गेले. रक्त आलं, कॉर्नफ्लॉवर दाबून थांबलं, पण पुढे दीड महिना तिने पंजाला हात लावू दिला नाही. ते अजून सलतं. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि वाढून गादीत रुतू शकतं.

घरात लहान मूल आहे म्हणता, तर मांजराची रेबीजची लस चुकवू नका. बोचकारा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

कात्री मात्र आजच काढू नका. पहिला आठवडा ती झोपेला आली की नुसता पंजा हातात घ्या, गादी दाबा, सोडा, खाऊ द्या. नंतर एका दिवशी एकच नख.